मिरवणुकीचा वाद आणि वर्षभराचं वाद्य

गणपती जवळ आले की मुंबईतला डीजेचा वाद इथे डब्लिनमध्येही माझ्या फोनवर सुरू होतो. लालबागच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडतात. ‘डीजे बंद, पारंपरिक वाद्यं वाजवा’ म्हणणाऱ्यांत मी आहे. पण दरवर्षी हा वाद डेसिबलवर येऊन अडकतो आणि पारंपरिक म्हणजे ढोल-ताशा एवढंच उरतं. रहिवासी भागातली दिवसाची 55 डेसिबलची मर्यादा काही फक्त डीजेसाठी नाही. शिवाय संबळ, तुणतुणं, दिमडी, हलगी यांचं नाव कुणी काढतच नाही.

आयर्लंडमध्ये इलिन पाइप्स नावाचं वाद्य आहे. बसून वाजवतात. कोपराखालच्या भात्याने पिशवीत हवा भरायची, दुसऱ्या हाताच्या कोपराने पिशवी दाबायची आणि बोटांनी सूर काढायचे. 1968 साली वादक शंभराच्या आत उरले होते, तेव्हा त्यांनीच एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली. ही संस्था शिकवते, नवशिक्याला वाद्य वापरायला देते आणि वाद्य घडवणारे नवे कारागीरही तयार करते. वाद्य महाग आणि घडवायला किचकट, म्हणून हे शेवटचं काम मला सर्वात मोलाचं वाटतं. माझ्या शेजारची मुलगी सध्या शिकते. तिच्याकडे फक्त भाता, पिशवी आणि सुरांची नळी आहे. सतत घुमणाऱ्या आधारसुराच्या नळ्या हात बसल्यावर जोडायच्या. 2017 साली युनेस्कोने या वादनाला वारशाच्या यादीत घेतलं, पण तोवर जवळपास पन्नास वर्षांचं काम झालेलं होतं.

या वाद्याचा एक थोर वादक जॉनी डोरन. हा भटक्या समाजातला, घोड्याच्या गाडीतून जत्रा आणि सामने करत फिरणारा. 1947 साली लोकसाहित्य आयोगाने त्याचं वादन मुद्रित केलं. पुढच्या वर्षी त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, तो जायबंदी झाला आणि 1950 मध्ये गेला. आज चांगल्या घरची पोरं ती मुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून त्याची बोटं उचलायला बघतात.

आपल्याकडे नेमकं हेच होत नाही, ते मला खुपतं. ढोलपथकात सगळ्यांची पोरं हौसेने जातात. संबळ मात्र गोंधळ्यांनी वाजवायचा, हलगी मातंगांनी. सुपारी द्यायची, वाजवून घ्यायचं, पण आपल्या मुलीला त्यांच्याकडे शिकायला पाठवायचं नाही. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी शिकवते आहे, त्याचं मोल मोठं आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचाही आनंद आहे. पण संबळाला चामडं चढवणाऱ्या कारागिराकडे आज कोण शिकतंय?

‘तो श्रीमंत देश आहे रे,’ असं ग्रुपवर ऐकवतात. अख्ख्या देशाची वस्ती मुंबईच्या निम्म्याहून कमी, आणि सुरुवात सरकारने नाही, मूठभर वादकांनी केली. आपल्या मंडळांकडे जागा आहे, वर्गणी आहे, कार्यकर्ते आहेत. विसर्जनानंतर मंडळाच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी संबळाचा वर्ग भरवा, गुरुजी म्हणून एखाद्या गोंधळ्याला मानधन देऊन बोलवा आणि पहिल्या रांगेत पदाधिकाऱ्यांची मुलं बसवा. पहिल्या वर्षाच्या मानधनातला माझा वाटा मी आजच ग्रुपवर कबूल केला आहे.