खाली माणसं निजलीत

आज संध्याकाळी लेकीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. तिथल्या पडक्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चमध्ये शिरलो तर आत प्रीवेडिंग शूट चाललेलं. असू दे, लग्नं व्हावीत, फोटो काढावेत. पण लाइटचा स्टँड वाऱ्याने हलत होता, म्हणून त्यांच्यातल्या एकाने तो थेट थडग्याच्या शिळेवर उभा केला आणि त्याच्या पायाशी टेकू द्यायला एक धोंडा बुटाने ढकलत नेला. खर्रर्र. अक्षरांवरून! कुणीतरी छिन्नी घेऊन एकेक अक्षर कोरलंय ते. मी ओरडलोच. तर म्हणतो, "काका, पडका वाडा तर आहे."

वाडा?

घरी आलो तरी डोकं शांत होईना. लेक निजली आणि लिहायला बसलो.

मी आठेक वर्षांचा असेन. संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला आजी आम्हाला किल्ल्यात न्यायची. लाल लुगडं, हातात मेणबत्त्यांची पुडी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपली की ती या मोडक्या चर्चकडे वळायची. छप्पर नाही, वेदी नाही, आत गवत वाढलेलं. तरी उंबरठ्यापाशी ती चपला काढायची आणि शिळा चुकवत अनवाणी आत जायची. मी एका शिळेवर उडी मारली, तर दंड धरून ओढलं. "खाली माणसं निजलीत," एवढंच म्हणाली.

बाईला पोर्तुगीज येत नव्हतं, मराठीसुद्धा धड वाचता येत नव्हतं. तिला जे कळलं ते आज लाखाचा कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याला कळू नये?

आणि वाडा म्हणजे काय! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १५४६ मध्ये इथलं मुख्य चर्च उभं राहिलं, सेंट जोसेफचं, ज्याला ते मात्रीझ म्हणायचे. पुढे ते वाढवलं. दारावरच्या शिळेत १६०१ साल आहे, आर्चबिशप मेनेझेसचं नाव आहे, तेव्हाच्या इथल्या मुख्य धर्मगुरूचं नाव आहे. मान वर केली तर दिसतं. त्याच्या मनोऱ्यात गोल गोल जाणारा दगडी जिना आहे, एका वेळी एकच माणूस मावेल इतका अरुंद. जेझुइट पाद्र्यांच्या चर्चमध्ये इझाबेल द आगियार नावाच्या विधवेचं थडगं आहे, १५९१ सालचं. त्यांच्या कॉलेजला तिने मदत केली होती. आणि ज्या वसईच्या दगडाला तुम्ही बूट लावता तोच जहाजातून गोव्याला गेला. तिथल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं कोरीव काम त्या दगडाचं आहे. तिथे मात्र गुपचूप रांगेत उभे राहता.

कमेंटमध्ये काय येणार ते ठाऊक आहे. हो, पोर्तुगीजांनी जुलूम केला, देवळं पाडली. नाही म्हणत नाही. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये हा किल्ला घेतला तो धडा शाळेत वाचताना माझाही आवाज चढायचा. पण माझ्या आजीने कुणाचं देऊळ पाडलं होतं? आम्ही कुपारी, वसईचे ख्रिस्ती, इथलेच, इथल्याच मातीतले. गोन्सालो गार्सियासुद्धा वसईत जन्मलेला. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला.

आणि आप्पांचंच नाव घेता तर हेही ऐका. मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. त्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मी तिथे उभा होतो तेव्हा एक म्हातारी नदीवरून ओल्या पायांनी आली, चपला बाजूला काढल्या, देवळाला हात जोडले आणि मग तसेच घंटेलाही जोडले. मला एकदम आजी आठवली. किती वेळ तिथून हलवेना.

शत्रूकडून आणलेल्या घंटेपुढे हात जोडणारी आपली माणसं, आणि आपल्याच गावात मेलेल्यांच्या छातीवर स्टँड रोवणारीही आपलीच.

त्या मुलावर जरा जास्तच ओरडलो, हे खरं. पोरगा विशीतला होता. नंतर लेकीने तिच्या बाटलीतलं पाणी शिळेवर ओतलं, हाताने माती पुसली. अक्षरं वर आली तसा तो खाली वाकला आणि म्हणाला, "काका, हे नाव आहे का कुणाचं?" मी हो म्हणालो. त्याने स्टँड उचलला, बाजूच्या गवतात नेला. धोंडाही स्वतःच उचलून नेला, या वेळी हाताने.

माझ्या यादीत चार-पाच फोटोग्राफर आहात. किल्ल्यात जरूर जा, उन्हं उतरताना त्या कमानींतून सुंदर उजेड येतो. फक्त फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरलात की आधी खाली बघा. गवत आणि मातीखाली शिळा झाकलेल्या असतात.