'दूतावास सोडवून आणतो': एका फिरत्या मेसेजमधला एकेक सल्ला तपासून पाहताना

परदेशी जाणाऱ्यांना हा मेसेज कुठून ना कुठून येतोच: "परदेशात बलात्काराच्या आरोपात अडकलात तर घाबरू नका, आपला दूतावास सोडवून आणतो. पोलिसांना सगळं सांगून सही करा, गप्प बसलात तर कबुली धरतात. तक्रार करणाऱ्या बाईशी बोलून मिटवा. जमलं तर पहिलं विमान पकडून घरी या, मग कुणी काही करू शकत नाही. नाहीतरी परक्याला तिथे न्याय मिळत नाही."

हे सल्ले पाळले तर निर्दोष माणूसही स्वतःविरुद्ध पुरावा तयार करील. आणि तक्रार खरी असेल, तर जिच्यावर आधीच अन्याय झाला आहे तिला आणखी छळेल. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

"दूतावास सोडवून आणतो."

नाही. कॉन्सुलर संबंधांविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारातलं कलम 36 काय देतं ते नीट पाहायला हवं. पकडलेल्या परदेशी माणसाला 'तुझ्या देशाच्या वकिलातीला, म्हणजे दूतावासाला, कळवता येईल' हे पोलिसांनी विनाविलंब सांगायचं असतं. त्याने तशी मागणी केली तर कळवायचं असतं. मग वकिलातीचा अधिकारी येऊन भेटू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतो. यातला 'मागणी केली तर' हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काही देशांचे आपसात वेगळे करार आहेत, तिथे न मागताही कळवलं जातं. बाकी ठिकाणी मागितलं नाही तर कुणीही येत नाही. म्हणून एकच वाक्य स्पष्ट बोलावं: "माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा." ते वेळेसह नोंदवून घ्यायला सांगावं. ज्याला स्वतःच्याच सरकारची भीती आहे, उदाहरणार्थ आश्रय मागणारा, त्याला ही मदत नाकारताही येते. दोन देशांचं नागरिकत्व असेल आणि त्यातल्याच एका देशात अटक झाली, तर तो देश दुसऱ्याच्या वकिलातीला सहसा दाद देत नाही.

वकिलातीचा अधिकारी जामीन भरत नाही, तपास करत नाही, न्यायालयात बाजू मांडत नाही. तो वकीलही नव्हे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला जे कायद्याचं कवच असतं, ते इथे आहे असं धरून चालू नये. त्याला तब्येत, औषधं, मारहाण झाली असल्यास ती, आणि घरच्यांचा निरोप एवढंच सांगावं. त्या रात्री काय घडलं हे सांगू नये.

बरं, पोलिसांनी हा हक्क सांगितलाच नाही तर खटला कोसळतो का? होसे मेडेयीन या मेक्सिकन नागरिकाचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. 1993 साली ह्यूस्टनमध्ये दोन किशोरवयीन मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून केल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला. वकिलातीचा हक्क त्याला सांगितलेला नव्हता. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच्यासह अनेक मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत अमेरिकेने करार मोडल्याचा निर्णय दिला आणि फेरविचार करायला सांगितलं. पण मूळ खटल्यात ही हरकत घेतलीच नव्हती, म्हणून टेक्सासच्या न्यायालयांनी ती ऐकली नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल राज्याच्या न्यायालयांवर आपोआप बंधनकारक होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2008 मध्ये ठरवलं. त्याच ऑगस्टमध्ये शिक्षा अमलात आली. पाकिस्तानने वकिलातीची भेट नाकारलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातही आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 2019 चा निकाल भारताच्या बाजूने लागला, पण न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही, फेरविचाराचा दिला. हक्क मोडला गेला असेल तर वकिलाने ते पहिल्याच संधीला लेखी मांडावं लागतं. उशिरा काढलेली हरकत बहुधा वाया जाते.

"सगळं सांगून सही करा, गप्प बसलात तर कबुली धरतात."

सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. संमती होती की नव्हती, हाच वाद असलेल्या प्रकरणात खटला शब्दांवर उभा राहतो. घाबरलेला, झोप न झालेला माणूस अर्धवट येणाऱ्या भाषेत 'ती नाही म्हणाली होती का?' या प्रश्नावर नुसती मान हलवतो आणि लिहिणारा 'होय' लिहितो. पुढे वकिलाशी बोलून तो वेगळं सांगू लागला की सरकारी वकील दोन्ही जबाब शेजारी ठेवतो.

गप्प राहण्याचे नियम मात्र देशागणिक बदलतात, आणि ते बारकाईने माहीत हवेत. अमेरिकेत नुसतं गप्प बसणं पुरत नाही. 'मला गप्प राहण्याचा हक्क वापरायचा आहे, मला वकील हवा' असं तोंडाने म्हणावं लागतं. 2010 च्या एका निकालात आरोपी जवळजवळ तीन तास गप्प होता, शेवटी एका प्रश्नाला 'हो' म्हणाला, आणि तो 'हो' पुरावा म्हणून टिकला. इंग्लंडमध्ये चौकशीत न सांगितलेली गोष्ट पुढे बचावासाठी वापरली, तर न्यायालय त्यावरून प्रतिकूल अनुमान काढू शकतं. पण केवळ मौनावर दोषी ठरवता येत नाही, आणि वकिलाला भेटण्याची संधीच दिली नसेल तर असं अनुमान काढता येत नाही. तिथे ठाण्यातला वकील परदेशी माणसालाही मोफत मिळतो. तो येईपर्यंत थांबणं हाच शहाणपणा. जपानमध्ये आरोपपत्राआधीची कोठडी 72 तास, मग 10 दिवस, मग आणखी 10 दिवस, अशी एका आरोपासाठी 23 दिवसांपर्यंत जाते आणि चौकशीच्या खोलीत वकील शेजारी नसतो. पण वकील संघटनेचा पाळीवरचा वकील पहिल्या भेटीला मोफत येतो. तो पहिल्याच दिवशी मागावा.

दुभाषी मागणं ही मेहेरबानी नव्हे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 14 न्यायालयात तो मोफत देतं. युरोपीय संघाचा 2010 चा निर्देश पोलीस चौकशीतही देतो. मातृभाषेऐवजी जवळच्या भाषेचा दुभाषी आला आणि त्याचं बोलणं पूर्ण कळत नसेल, तर तसं तिथेच सांगून नोंदवून घ्यावं. सोबतच्या मित्राला दुभाषी करू नये, उद्या तोच साक्षीदार असू शकतो. स्वतःच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. चूक दिसली तर दुरुस्ती त्याच कागदावर करून घ्यावी.

नमुन्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये अटकेनंतर तोंडातला स्वॅब संमतीशिवाय घेता येतो. रक्त किंवा खासगी भागांचे नमुने घ्यायला लेखी संमती लागते, पण सबळ कारणाशिवाय नकार दिला तर त्याचाही अर्थ काढला जाऊ शकतो. हा निर्णय वकिलाला विचारूनच घ्यावा. धक्काबुक्की कुठेच करू नये.

आणि फोनमधलं काहीही पुसू नये. घटनेच्या आधीचे आणि नंतरचे मेसेज दोन्ही बाजूंनी महत्त्वाचे असतात. पुसलेले परत मिळतात, आणि मग पुसण्याचाच पुरावा होतो. हॉटेलच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दाराच्या कार्डकुलपाच्या नोंदीही कायम राहत नाहीत. त्या जपून ठेवण्याची लेखी मागणी वकिलाने पहिल्या आठवड्यातच करायला हवी.

"बाईशी बोलून मिटवा."

अजिबात नाही. गंभीर लैंगिक गुन्ह्यात खटला बहुतेक देशांत सरकार चालवतं, तक्रारदाराने माघार घेतली तरी तो थांबेलच असं नाही. आरोपीने किंवा त्याच्या भावाने, मित्राने केलेला फोन साक्षीदारावर दबाव म्हणून वेगळा गुन्हा ठरतो आणि जामीन जातो. 'माफ कर' एवढा मेसेजसुद्धा कबुली म्हणून वाचला जातो. जपानमध्ये वकिलांमार्फत तडजोडीची पद्धत आहे, पण 2017 पासून तक्रार नसली तरी तिथे खटला चालतो. तिथेही आरोपीने स्वतः संपर्क करायचा नसतो. तिचं नाव किंवा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. कित्येक देशांत तिची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

"आपल्याकडे याला गुन्हा म्हणत नाहीत" असंही या मेसेजच्या एका आवृत्तीत जोडलेलं असतं. कायदा जिथे घटना घडली तिथला लागतो. जर्मनीत 2016 पासून स्पष्ट दिसणाऱ्या नकाराविरुद्ध जाणं पुरेसं आहे, बळजबरी सिद्ध करावी लागत नाही. स्वीडनमध्ये 2018 पासून स्वेच्छा नसणं हाच निकष आहे आणि निष्काळजीपणे केलेला बलात्कारही गुन्हा आहे.

"पहिलं विमान पकडा."

ब्राझीलचा फुटबॉलपटू रॉबिन्यो मायदेशीच होता. 2013 मधल्या मिलानच्या सामूहिक बलात्कार प्रकरणात त्याला झालेली नऊ वर्षांची शिक्षा इटलीत जानेवारी 2022 मध्ये कायम झाली. ब्राझील आपले नागरिक दुसऱ्या देशाला सोपवत नाही. पण मार्च 2024 मध्ये तिथल्याच न्यायालयाने ती शिक्षा ब्राझीलमध्ये भोगायचा आदेश दिला आणि तो तुरुंगात गेला. युरोपीय संघातल्या अटक वॉरंटसाठी बलात्कार अशा 32 गुन्ह्यांपैकी आहे, ज्यांत हा दोन्ही देशांत गुन्हा आहे का हे तपासलं जात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 1 भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं, केंद्र सरकारच्या परवानगीने खटला इथेही चालू शकतो. शिवाय चौकशी माहीत असताना पळालेल्याला नंतर जामीन मिळणं फार कठीण.

"परक्याला तिथे न्याय मिळत नाही."

श्रीलंकेचा क्रिकेटपटू धनुष्का गुणतिलका याला नोव्हेंबर 2022 मध्ये विश्वचषकादरम्यान सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली. सुरुवातीला जामीन नाकारला, मग दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर आणि पासपोर्ट जमा करून मिळाला. चारपैकी तीन आरोप सरकारी पक्षाने मागे घेतले, उरलेल्या एकातून सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. न्याय मिळाला, पण जवळजवळ 11 महिने परक्या देशात राहून.

परदेशी आरोपीची खरी अडचण इथेच असते. तो पळून जाईल ही शंका न्यायालयाला आधीपासून असते. म्हणून वकिलाच्या हातात राहण्याचा पक्का पत्ता, नोकरीचं किंवा शिक्षणाचं पत्र, जामीनदाराचं नाव आणि व्हिसा संपण्याची तारीख पहिल्या सुनावणीआधीच असावी. खटला चालू असताना व्हिसा संपला तर काय, हे आरोपीने स्वतः विचारावं. फौजदारी वकिलाला ते माहीत असेलच असं नाही. अमेरिकेत 2010 पासून गुन्हा कबूल करण्याआधी हद्दपारीचा परिणाम सांगणं वकिलावर बंधनकारक आहे, तिथे बलात्काराच्या शिक्षेनंतर हद्दपारी जवळपास अटळ असते.

घरच्यांना फोन लागला तर पासपोर्टवरचं नाव आणि क्रमांक, जन्मतारीख, ठाण्याचं नाव, गुन्हा नोंद क्रमांक आणि वकिलाचा फोन एवढंच लिहून घ्यावं. कोठडीतले फोन बहुधा रेकॉर्ड होतात. 'नक्की काय झालं रे?' हा प्रश्न त्या फोनवर विचारू नये.