"शेवटचा निर्णय माणसाचाच", पण कुठल्या माणसाचा?

दवाखान्यातल्या एआयवर चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी हे वाक्य टाकतंच, "काळजी नको, शेवटचा निर्णय माणूसच घेणार." सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. मी आयसीयूत नर्स आहे. तो 'माणूस' रात्री तीन वाजता बहुतेक वेळा मीच असते, त्यामुळे माझी मान काही डोलत नाही.

आमचे मॉनिटर रात्रभर बोंबलत असतात. बोटावरचा प्रोब सरकला, पेशंट कुशीवर वळला, वायर ओढली गेली, की वाजलाच अलार्म. धावत जावं तर पेशंट शांत झोपलेला. असं शंभरदा झालं की कान मरतात. याला अलार्म फटीग म्हणतात, त्यावर ढीगभर संशोधन झालंय, आणि तरीही काही झालं की पहिला प्रश्न येतो तो "सिस्टर, तुम्ही बघितलं नाहीत का?"

आता यात एआयची भर. अमेरिकेत एपिक कंपनीची सेप्सिस (संसर्गातून शरीरभर उद्भवणारी जीवघेणी अवस्था) ओळखणारी प्रणाली शेकडो रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिची स्वतंत्र तपासणी करून 2021 मध्ये निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेल्यांपैकी 67 टक्के पेशंट तिच्या नजरेतून सुटले होते. आणि इशारे? दाखल झालेल्या दर शंभरांपैकी अठरा जणांसाठी. म्हणजे ओरडायचं भरपूर आणि नेमकं हवं तेव्हा गप्प. कंपनीला हे निष्कर्ष मान्य नव्हते, तो वाद वेगळा. मला त्या वॉर्डातल्या नर्स डोळ्यांसमोर आल्या. प्रणाली गप्प राहिली आणि पेशंट बिघडला, तर "तुम्हाला दिसलं नाही का?" प्रणाली ओरडली आणि आपण दुर्लक्ष केलं, तर "इशारा आला होता ना?" दोन्हीकडून मान आपलीच.

आणि काही चुका तर पलंगाशेजारी उभं राहून दिसूच शकत नाहीत. 2019 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास घ्या. कोणत्या पेशंटला जास्तीची देखभाल द्यायची हे ठरवणाऱ्या एका अल्गोरिदमने आजार मोजायला खर्चाचा आकडा धरला होता. खर्च कमी, म्हणजे आजार कमी! पण कृष्णवर्णीय पेशंटांवर खर्च कमी झाला होता तो उपचारच कमी मिळाल्यामुळे. ही चूक दुरुस्त केली तर जास्तीच्या मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. एकेका पेशंटचा स्कोअर बघणाऱ्या डॉक्टरांना यात खटकण्यासारखं काय दिसणार? हजारो नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा कुठे ते उघडं पडलं. तिथे 'शेवटचा माणूस' सही करून मोकळा झालेला असतो, आणि त्याची चूकही नसते.

मी एआयच्या विरोधात नाही, हे सांगून टाकते, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच येईल. स्वीडनमध्ये 80 हजार महिलांच्या मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) अभ्यासात निम्म्या जणींसाठी एआयची मदत घेतली तेव्हा रेडिओलॉजिस्टचं फिल्म वाचण्याचं काम 44 टक्क्यांनी घटलं, आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. चांगलंच आहे की! पण तो वाचलेला वेळ जातो कुठे? पेशंटशी बोलायला मिळाला तर सोनं. पुढच्या वर्षी त्याच वेळेच्या हिशेबाने एक पोस्ट कमी झाली, तर 'तपासून बघणारा माणूस' फक्त कागदावर उरतो.

शिवाय तपासायचं कौशल्यही वापरात राहावं लागतं. पोलंडमधला 2025 चा अभ्यास वाचून मी थोडी हादरले. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत मुरलेले डॉक्टर, प्रत्येकाच्या दोन हजारांवर तपासण्या झालेल्या. एआय आल्यानंतर त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आलं. एवढ्यावरून सगळं एआयच्या माथी मारता येत नाही, मान्य. पण यंत्र चुकलं तर सावरेल म्हणून ज्याच्या भरवशावर बसायचं, त्याचाच सराव सुटत चालला असेल तर?

आणि पेशंटला यातलं काय ठाऊक असतं? भूल द्यायची तर सही घेतो, रक्त चढवायचं तर सही घेतो. "तुम्हाला आधी कुणी बघायचं हे एका प्रणालीने सुचवलंय" एवढं एक वाक्य सांगायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही. नातेवाईक घाबरतील म्हणे. घाबरू देत की, प्रश्न तरी विचारतील!

मध्यंतरी अशाच एका प्रणालीच्या प्रशिक्षणाला बसले होते. मी विचारलं, "इशारा आला, मी पेशंट तपासला, मला तो चुकीचा वाटला. मग?" उत्तर आलं, "इशारा बंद करता येईल, फक्त कारण निवडायचं." पडद्यावर चार पर्याय होते. 'पेशंट बघून आले, ठीक आहे' हा त्यात नव्हता.