हायवेला बारा

कोल्हापुरात दारात गाडी आली की लोक पेढे मागायच्या आधी विचारतात, "ॲव्हरेज किती?" गाडी नवी नसली तरी विचारतात. माझी २००४ सालची होती, पुढच्या बंपरवर डॉक्टरांचा लाल अधिकचा स्टिकर अर्धा निघालेला होता, तरी विचारलं.

ऑस्ट्रेलियातून परत आलेल्या एका डॉक्टरांनी ती बरोबर आणलेली. स्टेशन वॅगन. लांब, बुटकी आणि मागं एवढी ऐसपैस की आमचे सासरे मागचं दार उघडून म्हणाले, "जावईबापू, ह्यात दोन शेरडं आरामात बसतील." तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, चारी चाकांना ओढ, ऑटोमॅटिक गिअर. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा बिचारीचा काही दोष नाही, तिनं गाडी राजारामपुरीसाठी केलीच नव्हती. डॉक्टरांकडून ती एजंटाकडं गेली आणि एजंटाकडून माझ्याकडं. "हायवेला बारा देतीय सायेब," तो म्हणाला. "आणि गावात?" असं मी विचारल्यावर त्यानं चहा मागवला.

चहा चांगला होता.

स्टेअरिंगच्या पुढं एक काळी पट्टी आहे, तीत हिरवे आकडे उमटतात. शेजारी पेट्रोलपंपाचं चित्र, म्हणजे हेच ॲव्हरेज. पहिल्या आठवड्यात तिथं आकडा आला १३.६. मी बँकेत बावीस वर्षं काढलीत, आकडा बघून सहसा हुरळत नाही. पण त्या संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाता खाता चौघांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात नुसतं गावात फिरलो, महाद्वार रोडला अडकलो, बिंदू चौकात तर दहा मिनिटं एका जागी धुरत उभा होतो. आकडा चढला. १७.१! मग कागलला लग्नाला गेलो, मोकळ्या रस्त्यानं, आणि आकडा घसरून ११.२ वर आला. "ह्या गाडीला हायवे मानवत नाही," मी बँकेत जाहीर केलं. "मोठ्या इंजिनाला गावात जोर लावावा लागत नाही, त्यामुळं ती गावात जास्त देते." कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरनी तर विचारलं, अशी अजून एक मिळेल का?

बायकोला मात्र हे पटेना. "गावात सतरा देतीय, तर महिन्याला नऊ हजार कुठं जातात?" मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

दिवाळीला भाचा आला. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, हे किलोमीटर नाहीत. लिटर आहेत. ऑस्ट्रेलियात असंच मोजतात, शंभर किलोमीटरला किती लिटर." शंभर भागिले सतरा पॉइंट एक मी तोंडी केलं. बँकेतला माणूस, सवय वाईट. पाच पॉइंट पंच्याऐंशी. म्हणजे थर्मामीटरचा पारा चढतोय म्हणून घरच्यांनी पेढे वाटावेत, तसं दोन महिने माझं चाललं होतं. आणि ज्या हायवेला मी नावं ठेवली, त्यानंच तेवढे जवळजवळ नऊ दिले होते. बायको दारातच उभी होती. काही बोलली नाही. ती काही न बोलणं हे पाच पॉइंट पंच्याऐंशीपेक्षा महागात पडतं.

त्या दिवशी मी वही घातली. आडव्या रेघांची, दोनशे पानी. पद्धत सगळ्यांना माहीत असते, करत कुणीच नाही: टाकी फुल्ल करायची, ट्रिपचा आकडा शून्य करायचा, गाडी पळवायची, पुन्हा फुल्ल करायची, आणि पळालेले किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर. पाचवीतलं गणित. फक्त दोन्ही वेळा टाकी सारखीच भरली पाहिजे, म्हणजे नोझल 'टक्' म्हणाली की तिथंच थांबायचं.

आता हे पंपावरच्या पोराला समजावून बघा.

"झिरो बघा सायेब." बघितला. टाकी ६४ लिटरची, चाळीस लिटर पडेपर्यंत तो फोनवर रील बघत होता. मग टक्. मी ओरडलो, "बास!" त्यानं मीटरकडं बघितलं, चार हजारांच्या वर काही रुपये आणि चौऱ्याहत्तर पैसे. त्याचा चेहरा कसनुसा झाला. "राउंड फिगर करतो की," म्हणेस्तोवर हात चालू झाला. टिक, टिक, टिक, थेंब थेंब, मान तिरकी करून टाकीत कान घालून. मी म्हणालो, अरे माझा हिशोब बिघडतोय. तो म्हणाला, सुट्टं न्हाईत. मी फोन काढून दाखवला, पैसा न् पैसा ऑनलाइन देतो. तर म्हणतो, "ऑनलाइनलाबी राउंड फिगरच बरं दिसतंय."

ह्या राउंड फिगरपायी माझ्या वहीत पहिल्या टाकीला ५.४, दुसरीला ७.१ आणि तिसरीला ५.९ आले. शहाण्यानं एका टाकीवर विश्वास ठेवू नये. चार-पाच टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार करावा, म्हणजे मागच्या वेळचा जादाचा अर्धा लिटर पुढच्यात मिटून जातो. पण तेव्हा मला पंपावरच संशय आला. पाच लिटरचं माप ठेवणं पंपाला बंधनकारक असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं. मी मागितलं. गर्दी जमली. शंकूसारखं ते माप आणलं, भरलं, सगळ्यांनी वाकून बघितलं. पाच लिटरला २५ मिलिलिटर इकडंतिकडं चालतं. इथं पेट्रोल रेषेला चिकटून. जमलेली मंडळी हिरमुसून पांगली. एकजण जाता जाता म्हणाला, "गाडीच पितीय की वो."

मग सल्ले सुरू झाले. गाडीचं ॲव्हरेज आणि मुलाचं लग्न या दोन गोष्टींत कोल्हापूरकर तुम्हाला एकटं सोडत नाही. एकानं पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधायला सांगितलं. बांधलं. त्याला एक पाना चिकटला, फायदा झाला तो तेवढाच. दुसरा म्हणाला, २०० चं कधीच टाकू नका, २१० चं टाका. तिसरा म्हणाला, कोगनोळीच्या पलीकडं कर्नाटकात जाऊन भरत जा, स्वस्त पडतंय. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर; लिटरमागं वाचणारे रुपये आणण्यासाठी माझी गाडी वाटेतच साडेपाच लिटर खाणार. हे म्हणजे बस्ता स्वस्त पडतो म्हणून साऱ्या वऱ्हाडाला इचलकरंजीला मुक्कामाला न्यायचं.

शेवटी गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्री पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, बोलायचं कमी. त्यांनी आधी चाकांची हवा बघितली: बत्तीसच्या जागी चोवीस. गाडी जॅकवर घेऊन मागचं डावं चाक हातानं फिरवून बघितलं. फिरेना, ब्रेक धरून बसला होता. "म्हंजे तुमी ब्रेक दाबूनच गाडी पळवतासा," एवढंच बोलले. पुढचे दोन टायर एका जातीचे आणि मागचे दुसऱ्या, त्यावरनं मात्र खरंच चिडले. चारी चाकांना ओढ असलेल्या गाडीत टायर लहानमोठे झाले की आतली यंत्रणा दिवसभर आपसातच भांडत बसते म्हणे. मग इंजिन थंड असताना चालू करायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर तळवा ठेवून उभे राहिले. नाडी बघावी तसे. दोन मिनिटांत म्हणाले, "ह्यो लगीच कोमट व्हाय लागला. आदी गारच ऱ्हायला पायजे, मग एकदम तापायला पायजे. आत थर्मोस्टॅट न्हाई."

खोललं. खरंच नव्हता. त्याच्या जागी नुसतं भोक.

"आपल्याकडं काडूनच टाकत्यात. गाडी तापाय नको म्हणून."

तिथं एका स्टुलावर बसून मला जे कळलं ते असं. इंजिन तापलेलंच पाहिजे, नव्वद डिग्रीच्या आसपास. थर्मोस्टॅट इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरतो. तोच काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून गोल फिरतं आणि इंजिन कोमटच राहतं. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं, अजून थंडीच आहे. तो पेट्रोलचा हात सैल सोडतो. तालमीत पैलवान अजून अंगच मोडतोय असं समजून वस्तादानं दिवसभर त्याला दूध-बदाम चारत बसावं, तसं. आणि इथं पैलवान सहा. खासबागेत कुस्ती असो नसो, खुराक सहाही जणांचा. बिंदू चौकात सिग्नलला उभं राहायला एका पैलवानाची ताकद पुष्कळ झाली, पण सहा पिस्टन, त्यांची घासाघीस, वर एसी, वर चारी चाकांकडं जाणारे दांडे आणि गिअर हे सगळं बरोबर फिरतच असतं. मोठं इंजिन जोरात पळताना उधळं वाटतं. खरं उधळं असतं ते रिकामं बसल्यावर.

थर्मोस्टॅट आला पुण्याहून, ब्रेक सुटला, हवा भरली, चारी टायर सारखे झाले. पाच टाक्यांची बेरीज केली: गावात ७.२. मी मिस्त्रींना मोठ्या अपेक्षेनं विचारलं, अजून कुठं मुरतंय? त्यांनी पेन्सिल कानावरनं काढली. "घर कुटं?" राजारामपुरी. "बँक?" लक्ष्मीपुरी. त्यांनी पेन्सिल परत ठेवली. "सायेब, ही गाडी तापायच्या आत तुमचं हापिस येतंय."

हे बायको केव्हाची सांगत होती. दोन किलोमीटर आहे, चालत जा, म्हणून. पण मिस्त्रींनी सांगितल्यावर ते तांत्रिक झालं.

भाच्यानं मात्र मला एक सुख दाखवलं. सहावरनं आठवर गेलं तर शंभर किलोमीटरमागं चार लिटरच्या वर वाचतं. शेजाऱ्याची छोटी गाडी अठरावरनं वीसवर गेली तर त्याचं वाचतं जेमतेम अर्धा लिटर. दोघांचंही 'दोन'नंच वाढलं, पण मी त्याच्या सातपट वाचवतो. हे मी शेजाऱ्याला गॅलरीतनं ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "आणि जाळता किती?" त्याच्या अडीचपट. असे प्रश्न विचारायचे नसतात.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सासऱ्यांना घेऊन पन्हाळ्याला गेलो. पाच माणसं, डबे, वाघबीळ सोडल्यावर चढ. कोल्हापूर ते पन्हाळा उंचीचा फरक सुमारे चारशे मीटर. भाच्यानं आदल्या रात्री हिशोब मांडून दिला होता: भरलेली गाडी नुसती एवढी वर उचलायला जवळजवळ एक लिटर पेट्रोल, पुढं जायचं वेगळं. हा लिटर मला चढताना दिसत होता. प्रत्येक वळणाला थोडा थोडा.

उतरताना मामा, म्हणजे आमचे सासरे, म्हणाले, "न्यूट्रल करा की. फुकट जाईल." त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर नि जीप तशीच उतरवलेली. मी म्हणालो, मामा, या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ती पेट्रोल बंदच करते, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला पेट्रोल घेतं, आणि ब्रेकवर सगळा भार येतो तो निराळाच. मामांना पटेना. मी पट्टीवरचं बटण दाबून त्या क्षणाचा आकडा दाखवला: ०.०.

"शून्य?" मामा दचकले. "म्हंजे बंद पडली?"

खाली येईपर्यंत त्यांनी दाराची मूठ सोडली नाही. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, बैलगाड्या, ट्रॉल्या, कारखाने चालू. मी सहज बोललो की हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी जोर असतो, म्हणजे माझ्या गाडीचे सहा-सात टक्के तिथंच गेले. मामांचा चेहरा पन्हाळ्यापासून पहिल्यांदा खुलला. त्यांचा शिरोळला चार एकर ऊस आहे.

"म्हंजे ही आमचा ऊस खाती?"

"थोडाफार."

"मग खाऊ दे की," मामा म्हणाले, आणि डॅशबोर्डवर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला.

तरी मागच्या महिन्यात ठरवलं, विकायची. गिऱ्हाईक आलं, गारगोटीकडचा तरुण माणूस, भला वाटला. फेरी मारली, खूश झाला, मागचं दार चारदा उघडून बघितलं. आणि मग तो प्रश्न आला. मी एजंट नव्हे. आत गेलो, वही आणली, त्याच्या हातात दिली. तारीख, किलोमीटर, लिटर, हवा, एसी चालू की बंद, माणसं किती, पन्हाळ्याचा लिटर वेगळ्या शाईत. गावात ७.२, बाहेर ९.४. त्यानं पान उलटलं. अजून एक उलटलं. सत्तेचाळीस पानं भरलीत. त्याच्या कपाळावर आठी आली ती पानागणिक खोल होत गेली.

"हे सगळं तुमी लिवलंय?"

"पहिल्या दिवाळीपासून."

त्यानं वही दोन्ही हातांनी परत दिली. "न्हाई सायेब. एवडा हिशोब ठेवलाय म्हंजे गाडीनं तुमास्नी लई तरास दिलेला दिसतोय." चहासुद्धा न घेता गेला.

बायको दारात उभी होती. "हायवेला बारा म्हणाला असतात तर गेली असती."

मी गाडी गेटातनं आत घेतली आणि वहीत लिहिलं: फेरी, गिऱ्हाईक. ३.१ किमी. इंजिन थंड. माणसं दोन जाताना, दोन येताना.