आधी खड्डे, मग रांगोळी?

गेल्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर वाद झाला. शाळेजवळच्या चौकात रस्त्यावर चित्रं रंगवून घेऊ, म्हणजे गाड्या जरा हळू येतील, त्यासाठी वर्गणी काढू, असं कुणीतरी सुचवलं. लगेच उत्तर आलं, ‘आधी खड्डे बुजवा, मग रांगोळ्या काढा.’ त्यावर अंगठ्यांची रांग. मी अमेरिकेत, जर्सी सिटीत पाथ रेल्वेच्या फलाटावर उभी होते. गाडी हडसन नदीखालून पलीकडे पोचेपर्यंत लांबलचक उत्तर लिहून पाठवलं. त्यावर एकच प्रश्न आला, ‘ताई, तू शेवटचा कर्वे रस्ता कधी ओलांडलास?’

प्रश्न झोंबला. पण आधी रांगोळीचं बोलू.

२०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. खड्डा बुजला की गाडी सुरळीत धावते, आणि ती धावायला हवीच. पण चालणाऱ्याचा जीव जातो तो गाडीच्या वेगाने. चौकाचे कोपरे रंगवून पुढे आणले, कडेला खांब रोवले की वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो, आणि पोराला दहा पावलांऐवजी सहा पावलांत पलीकडे जाता येतं. चित्राचं काम हे आहे. शोभा वाढते, ती वर.

ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज ही संस्था अशा कामाला शहरांना पैसे देते. तिने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अशा १७ जागा तपासून घेतल्या. चालणारे आणि सायकलवाले सापडतात ते अपघात तिथे निम्म्यावर आले होते. टाइम्स स्क्वेअरला २००९ मध्ये ब्रॉडवे हा रस्ता गाड्यांना बंद केला, पुढच्या उन्हाळ्यात डांबर निळ्या-पांढऱ्या रंगाने रंगवलं, आणि पक्कं बांधकाम त्यानंतर काही वर्षांनी झालं. आमच्या शेजारच्या होबोकनमध्ये कोपऱ्यावर गाडी उभी करू देत नाहीत, म्हणजे ओलांडणारा माणूस लांबून दिसतो. २०१७ नंतर सलग सात वर्षं तिथे रस्त्यावर एकही जीव गेला नाही. हो, अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२५ मध्ये रस्त्यांवरची चित्रं काढा म्हणून राज्यांना पत्रं पाठवली. मला ते साफ चुकीचं वाटतं.

आणि ‘रांगोळ्या’ हा शब्द हिणवायला वापरावा, तोही पुण्याने? विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर पायघड्या कोण घालतं? माउली-तुकोबांच्या पालख्या येतात तेव्हा डांबरावर रांगोळी पडते, ती पायी चालत येणाऱ्यांसाठीच ना? लहानपणी पहाटे रांगोळीचा डबा धरून मीही रस्त्यावर बसलेय. गाड्या वळसा घालून जायच्या. रांगोळीवर चाक घालायचं नाही, हे रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. डिसेंबरात. आईबरोबर. मी कडेला थिजून उभी राहिले, गाड्या थांबायची वाट बघत. अमेरिकेत सिग्नलला मान वर न करता चालायची सवय झालीय. शेवटी पंचाहत्तरीच्या आईने माझं मनगट धरलं, दुसरा हात दुचाकींसमोर उभा केला आणि मला ओढत पलीकडे नेलं. मैत्रिणीकडे ती आता जात नाही, फोनवरच बोलते, हे मला तेव्हा कळलं. घर चार मिनिटांवर आहे, पण मधे रस्ता आहे. ‘मला काय, सवय आहे,’ असं ती मला दर रविवारी सांगत आली होती, आणि मी ते खरं मानलं होतं, कारण ते मानणं मला सोयीचं होतं.

ग्रुपवर मी हे लिहिलं नाही. खजिनदारकाकांना वेगळा निरोप पाठवला, की चौकासाठी वर्गणी काढलीत तर माझी धरा. पावती आईच्या फ्लॅटच्या नंबरवर फाडा, न्यू जर्सीचा पत्ता घालू नका.