‘ताई, ब्राझीलचा नाद सोडा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रिटर्न भरायच्या गडबडीत होते, त्यामुळं नुसती चिडले. काल रात्री निवांत वाचली. दोन ठिकाणी तुमचं बरोबर आहे, एका ठिकाणी तर माझी चक्क चूक आहे. म्हणून एवढं लांब उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी उसाचं निमित्त करून भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी मांडले होते. त्यावर शिरोळ तालुक्यातल्या या ऊस उत्पादक दादांनी लिहिलं : “ताई, ब्राझीलचा नाद सोडा. आपली अर्थव्यवस्था त्यांच्यापेक्षा मोठी, वाढतीया बी जोरात. ते कर्जात बुडाल्यात. ही तुलना म्हंजे म्हशीची उंटासंगं शर्यत. अन् तुमचं सगळं लिखाण शेवटी कारखानदाराच्याच सोयीचं निघतंय. एफआरपी काढा म्हणायचं असंल तर सरळ म्हणा की.”

(एफआरपी म्हणजे केंद्र सरकार उसाला ठरवून देतं तो किमान दर.) शेवटचं वाक्य जास्त लागलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी लिहिलं होतं, “साओ पावलोत उसाचा दर बाजार ठरवतो, आपल्याकडं दिल्ली ठरवते.” वाक्य चटकदार होतं, पण अर्धवट होतं. तिकडं १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ऊसवाले आणि कारखाने यांची मिळून एक संस्था आहे, कॉन्सेकाना. टनामागं उसात काढता येण्याजोगी साखर किती, हे प्रयोगशाळेत मोजतात. मग साखर आणि इथेनॉल प्रत्यक्षात काय भावानं विकलं गेलं त्यावरून त्या साखरेच्या किलोचा दर काढतात. साखर चढली की ऊसही चढतो, साखर पडली की ऊसही पडतो. खाली जाळी नाही. आपल्याकडं रंगराजन समितीनं २०१२ मध्ये जवळपास हेच सुचवलं : नुसत्या साखरेच्या उत्पन्नातले ७५ टक्के किंवा उपपदार्थ धरून ७० टक्के शेतकऱ्याला. आपण ज्याला आरएसएफ, म्हणजे उत्पन्न वाटून घ्यायचं सूत्र, म्हणतो आणि ऊस दर नियंत्रण मंडळात ज्यावरून वाद होतात, ते हेच. फरक एवढाच की आपल्याकडं त्याच्या खाली एफआरपीची जाळी आहे.

ती जाळी काढा असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. पडत्या भावाचं वर्ष सोसायचं तर घरात दुसरं काहीतरी उत्पन्न लागतं, नाहीतर पाठीशी मोठं शेत लागतं. ब्राझीलमधल्या शेतीची सरासरी धारणा, २०१७च्या तिथल्या कृषी गणनेनुसार, सत्तर हेक्टरच्या आसपास आहे. आपल्याकडची २०१५-१६च्या गणनेत १.०८ हेक्टर. माझ्या माहेरच्या दोन एकरांत एक वर्ष भाव पडला तर भावाला सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करावं लागतं. हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, त्यामुळं लेख तिरका वाचला गेला, ते तुमच्याकडं नाही, माझ्याकडं लागतं.

आता खरी चूक. मी २०२४-२५ची एफआरपी क्विंटलला ३४० रुपये दिली आणि ती शेतकऱ्याच्या हातात पडते अशा थाटात पुढं गेले. ३४० हा १०.२५ टक्के उताऱ्याचा, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तरचा दर. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. आपल्याकडं उतारा चांगला, १२ टक्के धरला तर टनाला ३,९८१ रुपये होतात. पण ही कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच्या उसाची किंमत. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि बिलावर उरतो तो आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. दिवसभर लोकांचे हिशेब तपासणाऱ्या बाईनं ढोबळ आणि निव्वळ यांत गल्लत करावी, हे बरं दिसत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता “आपली अर्थव्यवस्था मोठी”. मोठी आहेच. २०२४चे आकडे घेतले तर आपली सुमारे ३.९ लाख कोटी डॉलरची, ब्राझीलची सुमारे २.२ लाख कोटींची. आपण त्यांच्या पावणेदोनपट. पण दादा, आपण १४० कोटींच्या वर आणि ते २१ कोटींच्या आसपास. माणसं जवळजवळ सातपट आणि उत्पन्न पावणेदोनपट. एका घरात चौदा जण मिळून महिन्याला पस्तीस हजार मिळवतात, शेजारच्या घरात दोघं वीस हजार मिळवतात, तर पहिलं घर श्रीमंत असं आपण भावकीत तरी म्हणतो का?

इथं मात्र तुमचा एक मुद्दा मी उचलते. तुम्ही लिहिलंय, “डॉलरात मोजून काय हुतंय, मिसळ काय डॉलरात खातोय व्हय?” अगदी बरोबर. विनिमय दरानं पाहिलं तर ब्राझीलच्या माणसाचं सरासरी उत्पन्न आपल्या जवळजवळ चौपट दिसतं. स्थानिक महागाई जमेला धरून, म्हणजे तेवढ्या पैशांत तिथं काय येतं आणि इथं काय येतं असं पाहिलं, तर ते दुपटीवर येतं. मी चौपट लिहिलं होतं, दुप्पट लिहायला हवं होतं. दुप्पट म्हणजे कमी नाही, पण गाठता येण्यासारखं आहे. आमच्या धंद्यात बहात्तरचा नियम वापरतात. दरडोई वाढीत आपण त्यांच्यापुढं वर्षाला चार टक्क्यांनी राहिलो, तर दुपटीची दरी भरायला बहात्तर भागिले चार, अठरा वर्षं. टिकलं तर.

माझं सगळं म्हणणं त्या “टिकलं तर” मध्ये आहे, आणि ब्राझील त्यासाठीच बघायचा. तो आपल्यापेक्षा शहाणा म्हणून नव्हे. १९५० ते १९८० या तीस वर्षांत तो देश सरासरी सात टक्क्यांच्या घरात वाढत होता. १९६८ ते १९७३ मध्ये तर दहाच्या वर. त्या काळात आपण साडेतीन टक्क्यांवर रखडत होतो. आज आपल्याबद्दल जे बोललं जातं ते तेव्हा त्यांच्याबद्दल बोललं जायचं. मग १९७३ला तेल भडकलं. लागणाऱ्या तेलातलं जवळपास ऐंशी टक्के तेल ते बाहेरून आणत होते. वाढ थांबू नये म्हणून परदेशी कर्ज काढत गेले, पुढं अमेरिकेतले व्याजदर चढले आणि १९८०चं दशक वाया गेलं. महागाई इतकी की १९९३ मध्ये वर्षाला दोन हजार टक्क्यांच्या वर. १९९० मध्ये नव्या सरकारनं लोकांच्या बँकेतल्या ठेवी, एका मर्यादेच्या वरच्या, दीड वर्षासाठी गोठवल्या. आपल्या पतसंस्थेत पैसे अडकले तर गल्लीत काय होतं ते आपण पाहिलंय. तिथं अख्ख्या देशाचे अडकले. १ जुलै १९९४ला रेआल हे नवं चलन आलं तेव्हा कुठं महागाई आटोक्यात आली. त्यानंतरही गाडी धड धावली नाही. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून जास्त आकसली.

थोडक्यात, ब्राझीलचा माणूस आपल्या दुप्पट मिळवतो तो जुन्या धावेच्या जोरावर. आपण जिथं जायचं म्हणतो तिथं तो देश आपल्या आधी पोचला आणि तिथंच थबकला.

कर्जाचं म्हणाल तर तिथं तुमचा नेम चुकला. केंद्र आणि राज्यं मिळून आपलं सरकारी कर्ज जीडीपीच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांचंही त्याच घरात. कर्जात फरक नाही, व्याजात आहे. जून २०२५ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ५.५० टक्क्यांवर आणला, त्याच महिन्यात त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं आपला दर १५ टक्क्यांवर नेला. महागाईनं एकदा हात पोळलेला देश लवकर विश्वास ठेवत नाही, त्याची किंमत ते व्याजात मोजतात. तिकडं छोटा कारखानदार धंद्याला कर्ज काढतो म्हणजे काय दिव्य करत असेल, हे आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, कुणालाही विचारा.

उद्यमनगर निघालं म्हणून जाता जाता. त्यांची कारखानदारीही आकसत गेली आहे. लोहखनिज, सोयाबीन, कच्चं तेल विकायचं आणि यंत्रं आणायची. २००९ पासून त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांनी यावर वेगळं लिहायला सांगितलंय, ते कधीतरी.

म्हशीच्या आणि उंटाच्या शर्यतीवर मात्र हसले. दादा, ब्राझील इतका परका नाही हो. चंदगड-आजऱ्याचा काजू मूळचा तिकडचा, पोर्तुगीजांनी आणलेला. आणि त्यांच्या माळावर जी पांढरी, वशिंडाची लाखो जनावरं चरतात ती नेलोर जातीची. नेलोर म्हणजे आपल्या आंध्रातलं नेल्लोर, ओंगोल जातीचा वंश. देवाणघेवाण जुनी आहे, तुलनेला बिचकायचं कारण नाही.

आता साखर कारखाना. लेखातला हा भाग मी मागं घेणार नाही. १९७५ मध्ये त्यांनी उसाचं अल्कोहोल गाड्यांत घालायची सरकारी योजना आणली. दहा वर्षांत नव्या गाड्यांतल्या बहुतेक गाड्या निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या झाल्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली, कारखाने साखरेकडं वळले, आणि १९८९ मध्ये पंपावर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला तो दहा-बारा वर्षं परत आला नाही. २००३ला दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा गणित बदललं, कारण आता पंपावर उभा राहून गिऱ्हाईकच ठरवतो काय स्वस्त. कारखानाही तसाच. २०१९-२०च्या हंगामात ब्राझीलच्या मुख्य ऊस पट्ट्यात सुमारे ३४ टक्के ऊस साखरेला गेला, पुढच्याच हंगामात सुमारे ४६ टक्के. भाव बघून वळायचं.

आपला कारखाना असा वळू शकत नाही. उसाच्या रसापासून इथेनॉल करा म्हणून कर्जं काढून आसवन्या उभ्या केल्या, आणि ७ डिसेंबर २०२३ला हंगाम ऐन भरात असताना रस वापरायला बंदी आली. थोडी ढिलाई झाली, पूर्ण मोकळीक ऑगस्ट २०२४ मध्ये. दुसरीकडं आपल्या साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली. तेव्हा एफआरपी क्विंटलला २७५ होती, २०२४-२५ला ३४० झाली (मधे पायाचा उतारा १० वरून १०.२५ झाला, तेही धरा), आणि ३१ तोवर तिथंच. उसाची जाळी वर सरकत गेली, साखरेची होती तिथंच राहिली. यात कारखानदाराची बाजू घेतल्यासारखं वाटतं, कबूल. पण कारखान्याकडं पैसा अडकला की पहिलं थकतं ते तुमचं बिल.

ब्राझीलचं सरकार ढवळाढवळ करत नाही असा अर्थ कुणी काढू नये. २०११ ते २०१४ मध्ये महागाई दाबायला त्यांनी पेट्रोलचे भाव सरकारी तेल कंपनीकडून खाली धरून ठेवले, त्यात इथेनॉल मार खाऊन डझनांनी साखर कारखाने बंद पडले.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी मला सतावते. साओ पावलो राज्यानं फड पेटवून ऊस तोडायची पद्धत बंद करायचा कायदा २००२ मध्ये केला. धूर थांबला हे चांगलंच. पण न पेटवलेला ऊस हातानं तोडणं जिकिरीचं, म्हणून यंत्रं आली, आणि आज तिथला जवळपास सगळा ऊस यंत्र तोडतं. ईशान्येकडच्या गरीब राज्यांतून दरवर्षी येणारे तोडकरी, म्हणजे त्यांचं बीडच समजा, त्यांचं काम गेलं. तरी तिथं शेतीवर राबणारे दहात एकापेक्षा कमी आहेत आणि २००३ पासून गरीब कुटुंबांच्या खात्यात थेट पैसे टाकणारी बोल्सा फॅमिलिया आहे. आपल्याकडं कामकऱ्यांतले पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास लोक अजून शेतीत आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास. उद्या आपल्या सऱ्या रुंद झाल्या, बांध मोडले, मशीनला वळायला जागा झाली, तर उचल घेऊन येणारी ती कोयत्याची जोडी कुठं जाणार? दुप्पट उत्पन्नाच्या सरासरीत हा प्रश्न दिसत नाही. तिकडं जमिनी मुळातच थोड्यांच्या हातात होत्या, म्हणून यंत्र सहज घुसलं. ती गोष्ट आपण घ्यायची नाही. त्याबाबतीत तुमची आणि माझी एकच बाजू.

तुम्ही शेवटी विचारलंय की खोडवा ठेवू का मोडू. ते मला विचारू नका, माझा भाऊसुद्धा विचारत नाही. पण मागच्या हंगामाच्या बिलाचा फोटो पाठवा. कारखान्याचा उतारा किती धरलाय, तोडणी-वाहतूक किती कापलीय आणि आरएसएफप्रमाणं काही निघतं का, ते बसून काढते. गावाचं आणि कारखान्याचं नाव झाकून पाठवलंत तरी चालेल. नाहीतर राजारामपुरीकडं आलात तर बिलच घेऊन या, बुधवारी दुपारनंतर मी मोकळी असते.