ट्रिप्सिनसारखं? नाही!

हर्पीस विषाणूंचं प्रोटीएझ (प्रथिनं कापणारं विकर) 'ट्रिप्सिनसारखंच', म्हणजे आपल्या पचनातल्या विकरासारखंच असतं, हे लेखातलं वाक्य खटकलं. सेरीन प्रोटीएझ आहे, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाच्या मदतीनं कापतं, हे मान्य. पण ट्रिप्सिनमध्ये कापण्यासाठी सेरीन-हिस्टिडीन-ॲस्पार्टेट असं अमिनो आम्लांचं त्रिकूट असतं, इथे ॲस्पार्टेटच्या जागी दुसरं हिस्टिडीन येतं. सायटोमेगॅलोव्हायरस या हर्पीस विषाणूमध्ये सेरीन १३२, हिस्टिडीन ६३ आणि १५७ (आकडे म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले क्रमांक). प्रथिनाची घडीही निराळी, हे १९९६ साली स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या तेव्हाच दिसलं होतं.

त्याहून मोठी उणीव म्हणजे दोन रेणूंच्या जोडीचा उल्लेखच नाही. सुटा रेणू जवळपास निष्क्रिय असतो. दोन एकत्र आले की दोघांचीही सक्रिय केंद्रं (कापण्याच्या जागा) कामाला लागतात, आणि तीही जोडाच्या जागेपासून चांगली लांब! शिकवताना विद्यार्थी नेमके इथेच अडतात. जोड सुटला की केंद्राजवळचं आर्जिनिन असलेलं वळण विस्कटतं, म्हणून कापणं थांबतं. सक्रिय केंद्र बंद करण्याऐवजी जोडच फोडणारे रेणू संशोधक शोधतात ते यामुळेच. एवढं तरी लेखात यायला हवं होतं.